रक्तदाबाची जोडगोळी

उच्च रक्तदाबावरची दोन-तीन औषधे एकाच गोळीत घालून देण्याची रीत भारतात साठेक वर्षे चालत आली आहे. ती आता इतकी सर्रास झाली आहे की नाशिकमधल्या कुठल्याही मेडिकलमध्ये बीपीची गोळी मागणाऱ्याच्या हातात पुष्कळदा जोडगोळीच पडते. त्यात रक्तवाहिन्या सैल करणारे एक औषध असते आणि शरीरातले मीठ-पाणी किंवा संप्रेरके आवरणारे दुसरे. या गोळीचा इतिहास एका शहरात मावणारा नाही. तो सर्पगंधेच्या मुळीपासून सुरू होतो, त्याचा मधला मोठा टप्पा मुंबईतली रुग्णालये आणि कारखाने यांत घडतो, आणि १९८०नंतर तो कसारा घाट चढून नाशिकच्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत येतो. या सगळ्या प्रवासात एक उलटा क्रम दिसतो. संयुक्त गोळी बाजारात आधी रुळली, तिच्या बाजूचे भक्कम पुरावे मागाहून आले, आणि काही संयोगांच्या बाबतीत ते कधी आलेच नाहीत.

रक्तदाब मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून त्याच्या औषधाचा इतिहास मोजणाऱ्या यंत्रापलीकडे फार मागे जात नाही. इटलीतल्या रिव्हा-रोची यांनी १८९६मध्ये दंडावर पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब मोजण्याचे उपकरण तयार केले. १९०५मध्ये रशियातल्या कोरोत्कॉव्ह यांनी धमनीचे आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे काढण्याची पद्धत दिली. दवाखान्यांत आजही हीच पद्धत चालते. पुढे ही यंत्रे पुण्यातच बनू लागली आणि ‘डायमंड’ नावाचे पाऱ्याचे यंत्र महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या टेबलावरची ठरलेली वस्तू झाले. दाब मोजणारी यंत्रे येण्याआधीच्या वैद्यांना घेरी, धडधड, डोके जड होणे, अर्धांगवायू ही लक्षणे ठाऊक होती, पण त्यांच्या मुळाशी असलेला दाब आकड्यात पकडता येत नव्हता. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत उच्च रक्तदाब नावाची स्वतंत्र व्याधी सापडत नाही ती यामुळेच. हृदयरोगावर मात्र त्यांत औषधे आहेत. अर्जुनाची साल त्यांतली सर्वांत प्रसिद्ध, आणि तिच्यापासून केलेले अर्जुनारिष्ट आजही विकले जाते.

आयुर्वेदात एकेरी औषधापेक्षा योग देण्याकडे कल असतो. त्रिफळा, दशमूळ ही नावेच मोजणीची आहेत. नाशिकला ही परंपरा चांगली रुजलेली आहे. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद सेवा संघाचे महाविद्यालय आहे. तरी वैद्यांच्या योगांतूनच आजची जोडगोळी निघाली, असे म्हणणे ओढून-ताणून होईल. त्या परंपरेने आधुनिक औषधशास्त्राला एक मुळी दिली आणि तेवढे पुरेसे होते.

ती मुळी सर्पगंधेची. बिहार-बंगालपासून सह्याद्रीच्या ओलसर रानांपर्यंत उगवणारे हे छोटे झुडूप वेड, निद्रानाश आणि सापाचे विष यांवर वापरले जाई. १९३१मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते वेडाबरोबरच वाढलेल्या रक्तदाबावरही उपयोगी पडते असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी मुळीतून अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिले. पाठोपाठ रामनाथ चोप्रा यांनी कलकत्त्यातच प्राण्यांवर प्रयोग करून दाब उतरतो हे दाखवले. हिमालया ड्रग कंपनीने १९३४मध्ये ‘सर्पिना’ नावाने सर्पगंधेच्या गोळ्या बाजारात आणल्या. भारतात औषध विकायला आले होते, डॉक्टर ते लिहून देत होते. जगाच्या वैद्यकाला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

तो पत्ता मुंबईतून लागला. डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११चा. लंडनहून शिकून आल्यावर ते केईएम रुग्णालयात हृदयरोगाचे काम पाहू लागले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर सांगण्यासारखे उपचार जवळजवळ नव्हते. मीठ जवळपास बंद करून भात आणि फळांवर राहायचे, किंवा मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करून घ्यायची, अशी स्थिती होती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० होता, आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या डॉक्टरांकडेही तो उतरवणारे खात्रीचे औषध नव्हते. वकील सर्पगंधा वर्षानुवर्षे वापरत होते. त्यांनी ५० रुग्णांची नीट नोंद ठेवून केलेली चाचणी १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आली. दाब हळूहळू उतरतो, औषध थांबवल्यावरही काही काळ उतरलेला राहतो, नाक चोंदणे आणि गुंगी हे मुख्य त्रास, असे या औषधाचे चित्र होते. बॉस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचून आपल्या रुग्णांवर सर्पगंधा वापरून पाहिली. तिथून हे औषध अमेरिकेत पोचले. वकील यांना १९५७मध्ये अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८मध्ये पद्मभूषण. मुंबईत एका डॉक्टरने केलेल्या साध्या चाचणीचा जगभर इतका परिणाम झाल्याची उदाहरणे वैद्यकात थोडीच आहेत, आणि महाराष्ट्रात ही चाचणी पाठ्यपुस्तकाबाहेर फारशी कोणाला माहीत नाही, हे मात्र नवल आहे.

मुळीची पूड देण्यात एक अडचण होती. प्रत्येक मुळीत औषधी अंश सारखा नसतो. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. त्याचे नाव रिसर्पीन. आता मात्रा मिलिग्रॅमच्या दशांशात मोजता येऊ लागली. याच सुमारास आणखी दोन औषधे हाताशी आली: धमन्यांच्या भिंती सैल करणारे हायड्रालझीन आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस आलेली थायाझाइड जातीची औषधे, म्हणजे रुग्णांच्या भाषेत लघवीची गोळी. यांतले हायड्रोक्लोरोथायाझाइड अजूनही मेडिकलच्या कपाटात आहे.

ही तीन एकत्र का आणली गेली, यात जोडगोळीचे सगळे शास्त्र आहे. हायड्रालझीनने धमन्या सैल केल्या की शरीर गप्प बसत नाही. दाब पडतो आहे असे समजून हृदय वेगाने धडधडू लागते आणि मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात, म्हणजे औषधाने मिळवलेले शरीरच परत घेते. रिसर्पीन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरॲड्रेनलिनचा साठा रिकामा करते, म्हणून धडधड आवरते. थायाझाइड जादा मीठ-पाणी बाहेर काढते. तिघांनी मिळून एकमेकांच्या मागे राहिलेली फट बुजवली की प्रत्येकाची मात्रा कमी ठेवता येते, आणि मात्रा कमी म्हणून त्रासही कमी. भारतात सिबाने हाच संयोग ‘ॲडेल्फेन-एसिड्रेक्स’ नावाने आणला. त्यात रिसर्पीन, डायहायड्रालझीन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड होते. सिबाचे भारतातले बस्तान मुंबईत होते. १९६३मध्ये गोरेगावला कंपनीचे मोठे संशोधन केंद्रही सुरू झाले. सर्पगंधेची मुळी भारतातून बाझलला गेली आणि तीन औषधांच्या गोळीतला एक घटक होऊन मुंबईत परतली.

अशा उपचाराने माणसे खरोखर वाचतात का, हा प्रश्न १९६७पर्यंत उघडाच होता. वाढलेला दाब हा म्हातारपणाचा भाग आहे, तो उतरवला तर मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडेल, असे मानणारे डॉक्टर तेव्हा कमी नव्हते. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांवर चाचणी झाली. निम्म्यांना रिसर्पीन, हायड्रालझीन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड, निम्म्यांना खोटी गोळी. फरक इतका उघड होता की पुढे अशा रुग्णांना औषधाविना ठेवणे नैतिकदृष्ट्या अशक्य झाले. रक्तदाबाच्या उपचाराचा हा पहिला ठाम पुरावा एकेरी औषधाचा नव्हता, संयोगाचा होता.

रिसर्पीनचे दिवस मात्र फार टिकले नाहीत. जास्त मात्रेत ते काहींना उदासीनतेकडे ढकलते हे आधीच दिसले होते. १९७४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा स्तनांच्या कर्करोगाशी संबंध जोडणारे लेख आले. नंतरच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही, पण तोवर पाश्चात्त्य डॉक्टरांनी औषध बाजूला ठेवले होते. शिवाय प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर आले होते आणि ते बनवणाऱ्या कंपन्यांचे बळ त्यांच्यामागे होते. रिसर्पीनचे पेटंट संपलेले, त्यात कोणाला रस उरला नव्हता. भारतात ॲडेल्फेन त्यानंतरही बरीच वर्षे लिहिले जात राहिले. ते स्वस्त होते, काम करत होते. रानातल्या सर्पगंधेवर मात्र त्या मागणीने आघात केला. मुळासाठी अख्खे झुडूप उपटावे लागते, आणि १९९०पासून ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

नाशिक या गोष्टीत येते ते कारखान्यांच्या रूपाने. १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६४पासून मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सरकारी सवलती मिळू लागल्या. मुंबईतली जागा महाग आणि अपुरी. नाशिक दीडपावणेदोनशे किलोमीटरवर, रेल्वे आणि आग्रा रस्ता दोन्ही हाताशी, गोदावरीचे पाणी आणि मुंबईपेक्षा कोरडी हवा. त्र्यंबक रस्त्यावर सातपूर आणि पुढे महामार्गाच्या बाजूला अंबड अशा वसाहती उभ्या राहिल्या. औषधनिर्मितीसाठी ही कोरडी हवा लहान गोष्ट नाही. गोळी दाबताना पूड दमट झाली तर ती यंत्राला चिकटते आणि गोळीचे वजन बिघडते.

याच काळात कायदाही बदलला. १९७०चा पेटंट कायदा १९७२पासून अमलात आला आणि औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणे बंद झाले, फक्त तो बनवण्याच्या कृतीवर मिळू लागले. परदेशी कंपनीचे नवे औषध वेगळ्या कृतीने बनवायला भारतीय कंपनीला मोकळीक मिळाली. १९७७मध्ये ग्रेसियस सलढाणा यांनी मुंबईत ग्लेनमार्क सुरू केली, कंपनीचे नाव ग्लेन आणि मार्क या मुलांच्या नावांवरून ठेवले, आणि पुढच्या दशकात तिचा कारखाना सातपूरला उभा राहिला. अंबडला ग्लॅक्सोने आपला कारखाना उभारला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हत्तीरोग निर्मूलन कार्यक्रमाला मोफत जाणाऱ्या अल्बेंडाझोलच्या गोळ्या पुढे तिथे बनू लागल्या. ब्लू क्रॉससारख्या कंपन्याही अंबडला आल्या, आणि सिन्नरजवळच्या माळेगाव वसाहतीतही औषधांचे कारखाने निघाले. या कारखान्यांभोवती औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये वाढली, आणि डी.फार्म. किंवा बी.फार्म. करून कारखान्यात लागणे किंवा मेडिकल टाकणे ही नाशिक जिल्ह्यातल्या मुलामुलींची एक ठरलेली वाट झाली.

नव्या पिढीतली औषधे, म्हणजे ॲटेनोलॉल, एनालाप्रिल, अमलोडिपिन आणि नंतर लोसार्टन व टेल्मिसार्टन, भारतीय कंपन्यांनी या कायद्याच्या आधारे जगाच्या मानाने लवकर आणि स्वस्तात बनवली. टेल्मिसार्टन हे मुळात जर्मनीच्या बोहरिंगर इंगेलहाइमचे, १९९८मध्ये बाजारात आलेले. भारतात रेणूवरचे पेटंट पुन्हा सुरू झाले १ जानेवारी २००५पासून, तोवर हे औषध इथे अनेक नावांनी रुळले होते. ग्लेनमार्कचे ‘टेल्मा’ त्यांतले सर्वांत यशस्वी ठरलेल्यांपैकी. एका रेणूच्या पाच-पंचवीस नकला बाजारात असल्या की किमतीवर आणि नावावर स्पर्धा करून फार काही उरत नाही. मग कंपन्या संयोगांकडे वळल्या. अमलोडिपिनबरोबर ॲटेनोलॉल, ॲटेनोलॉलबरोबर क्लोर्थालिडोन, टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायाझाइड, टेल्मिसार्टनबरोबर अमलोडिपिन, आणि शेवटी तिन्ही एकत्र. सिप्लाचे ‘अमलोप्रेस-एटी’, इप्काचे ‘टेनोरिक’ अशी नावे १९९०नंतरच्या रुग्णांच्या तोंडी बसली. हृदयरोगाच्या बाजूलाही तेच झाले. सूज उतरवण्यासाठी फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन एकत्र असलेले ‘लॅसिलॅक्टोन’ आधीपासून होते; आता ॲस्पिरिनबरोबर ॲटोरव्हास्टॅटिन घालून ‘इकोस्प्रिन-एव्ही’सारख्या कॅप्सूल आल्या. रक्त पातळ ठेवणारे आणि चरबी कमी करणारे औषध असे एकाच झाकणाखाली आले.

नाशिकमध्ये हा माल वाटला जातो गोळे कॉलनीतून. शहराच्या मध्यात असलेली ही वस्ती जिल्ह्यातला औषधांचा होलसेल बाजार म्हणून ओळखली जाते. कंपनीच्या स्टॉकिस्टकडे खोके उतरायचे, तिथून ते मालेगाव, येवला, निफाड, कळवण, सुरगाण्याच्या दुकानांपर्यंत जायचे. डॉक्टरांना नवी जोडगोळी सांगणारा एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, बॅग घेऊन दुपारच्या वेळी दवाखान्याबाहेर बसलेला असतो आणि त्याचे मुख्य वाक्य एकच असते: रुग्णाला एक गोळी लक्षात ठेवायला सोपी जाते. ते वाक्य विक्रीचे होते, म्हणून खोटे होते असे नाही. पुढे चाचण्यांनी ते खरे ठरवले. पण १९९०च्या दशकात ते सिद्ध झालेले नव्हते, आणि त्याच वाक्याच्या आडोशाने मेळ नसलेले असंख्य संयोगही विकले गेले.

या गर्दीमागे कायद्यातली एक फट होती. नव्या संयोगाला केंद्रीय औषध नियंत्रकाची मंजुरी लागते, पण कारखान्याचा उत्पादन परवाना राज्य सरकार देते. राज्यांनी केंद्राची मंजुरी नसलेल्या संयोगांनाही परवाने दिले. शिवाय २०१३पासून किमतींवरचे नियंत्रण मुख्यतः आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांवर आहे. एकेरी औषध यादीत असेल आणि त्याच्याशी दुसरे जोडलेली गोळी यादीत नसेल, तर जोडगोळीची किंमत पुष्कळशी मोकळी. मंजुऱ्यांच्या या कारभारावर २०१२मध्ये संसदेच्या समितीने कडक अहवाल दिला. त्यानंतर चंद्रकांत कोकाटे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १० मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने ३४४ संयोगांवर एकदम बंदी घातली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, औषध तांत्रिक सल्लागार मंडळाने पुन्हा छाननी केली, आणि सप्टेंबर २०१८मध्ये ३२८ संयोगांवर नव्याने बंदी आली. त्यांत सर्दी-खोकला, अंगदुखी, मधुमेह आणि प्रतिजैविके यांचा भरणा होता. रक्तदाबाच्या मुख्य जोडगोळ्या या वादळातून वाचल्या. त्यांच्यामागे तोवर शास्त्राचा आधार उभा राहिला होता.

तो आधार २००५ ते २०१० या काळात पक्का झाला. २००९मध्ये लंडनच्या डेव्हिड वॉल्ड आणि सहकाऱ्यांनी ४२ चाचण्यांतल्या सुमारे ११,००० रुग्णांची माहिती एकत्र तपासली. एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या जातीचे दुसरे औषध जोडले तर दाब सुमारे पाचपट जास्त उतरतो, असे त्यातून निघाले. कोणतीही दोन चांगली औषधे एकत्र केली की चांगलेच होते असे मात्र नाही. २००८च्या ऑनटार्गेट चाचणीत २५,६२० रुग्ण होते. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल ही दोन्ही उत्तम औषधे एकत्र दिल्यावर फायदा वाढला नाही आणि मूत्रपिंडांचे त्रास वाढले. दोन्ही औषधे एकाच संप्रेरकाच्या साखळीवर काम करतात. एकाच दाराला दोन कुलपे लावल्यासारखा तो प्रकार झाला. उलट अमलोडिपिन आणि टेल्मिसार्टन यांचा मेळ जमतो. अमलोडिपिनने घोट्यांवर येणारी सूज टेल्मिसार्टनमुळे कमी होते. थायाझाइडने पोटॅशियम घटते, टेल्मिसार्टनने ते राखले जाते. ॲटेनोलॉलच्या जोड्या मागे पडल्या त्याही पुराव्यानेच. २००५च्या अॅस्कॉट चाचणीत अमलोडिपिन-पेरिंडोप्रिलच्या उपचाराने ॲटेनोलॉल-थायाझाइडच्या उपचारावर मात केली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा छातीत दुखणाऱ्या रुग्णांना ॲटेनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरचा उपयोग आजही होतो, नुसत्या रक्तदाबासाठी तो पहिला पर्याय उरलेला नाही. २०१८मध्ये युरोपातल्या मार्गदर्शक तत्त्वांनी बहुतेक रुग्णांना सुरुवातच जोडगोळीने करावी असे सांगितले, आणि २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत रक्तदाबाच्या जोडगोळ्या घातल्या. त्यांत टेल्मिसार्टन-अमलोडिपिन आहे.

ही गोळी कापून पाहिली तर बऱ्याचदा तिचे दोन थर दिसतात, एक पांढरा आणि एक रंगीत. तो शोभेचा प्रकार नाही. टेल्मिसार्टन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते अल्कलीबरोबर घालावे लागते. अमलोडिपिनला ती अल्कली सोसत नाही. दोन्ही एकत्र कालवली तर साठवणीत अमलोडिपिन खराब होते. म्हणून आधी एक थर हलका दाबायचा, त्यावर दुसरी पूड पाडायची आणि मग दोन्ही एकदम दाबायचे, असे दुहेरी थराचे यंत्र वापरावे लागते. टेल्मिसार्टनचा थर हवेतले पाणीही ओढतो. त्यामुळे अशा गोळ्या पावसाळ्यात डबीत मोकळ्या भरून ठेवणे चुकीचे. त्या स्ट्रिपमधून घेताना काढलेल्या बऱ्या. २०१७पासून कमी विरघळणाऱ्या अशा औषधांच्या नव्या नकलांना मूळ औषधाइतक्याच प्रमाणात रक्तात उतरतात हे सिद्ध करावे लागते. कारखान्यांचा नकाशाही मधल्या काळात हलला. २००३मध्ये हिमाचल प्रदेशातल्या बद्दीला आणि पुढे सिक्कीमला करसवलती मिळाल्यावर अनेक कंपन्यांनी तिथे कारखाने टाकले. म्हणून गोळे कॉलनीतून नाशिकच्या दुकानात गेलेल्या स्ट्रिपवर बद्दी किंवा सिक्कीमचा पत्ता असू शकतो आणि सातपूरची गोळी परदेशात गेलेली असू शकते.

दोन औषधांवरून मजल पाच-सहावरही गेली. लंडनचे निकोलस वॉल्ड आणि माल्कम लॉ यांनी २००३मध्ये रक्तदाबाची तीन औषधे, स्टॅटिन, ॲस्पिरिन आणि फॉलिक ॲसिड अशी एक गोळी, म्हणजे ‘पॉलिपिल’, पंचावन्न वर्षांवरच्या प्रत्येकाला द्यावी असे सुचवले, तेव्हा पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. ती प्रत्यक्षात आणण्याचे काम बरेचसे भारतात झाले. अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सच्या ‘पॉलिकॅप’ची २,०५३ लोकांवरची चाचणी देशभरातल्या ५० केंद्रांत झाली आणि २००९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली, वरचा दाब सरासरी ७.४ अंकांनी उतरला. २०१३मध्ये आलेल्या अम्पायर चाचणीत २,००४ रुग्णांपैकी निम्मे भारतातले होते. एकत्र गोळी मिळालेल्यांपैकी ८६ टक्के औषध नियमित घेत राहिले, सुट्या गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण ६५ टक्के होते. एमआरच्या वाक्याला इथे आकडा मिळाला. २०२१च्या टिप्स-३ चाचणीत जवळपास निम्मे सहभागी भारतीय होते, आणि पॉलिकॅप-ॲस्पिरिनने झटका, पक्षाघात अशा घटना ३१ टक्क्यांनी घटल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या यादीत पॉलिपिललाही जागा दिली. भारतीय रुग्णांसाठी कोणती जोडी बरी, यावर ३२ केंद्रांत १,९८१ रुग्णांची टॉपस्पिन चाचणी झाली. अमलोडिपिन, पेरिंडोप्रिल आणि इंडापमाइड यांच्या तीन जोड्यांपैकी कोणतीही दिली तरी सहा महिन्यांत सुमारे ७० टक्के रुग्णांचा दाब १४०/९०च्या खाली आला.

हृदय अशक्त झालेल्या रुग्णांसाठी आलेली जोडगोळी वेगळ्या कुळातली आहे. सॅक्युबिट्रिल आणि व्हल्सार्टन यांची नोव्हार्टिसची गोळी २०१४च्या ८,४४२ रुग्णांच्या चाचणीत जुन्या उपचारापेक्षा सरस ठरली. ती भारतात आली तेव्हा पेटंटाखाली होती आणि महाग होती. २०२३च्या सुरुवातीला मूळ पेटंटाची मुदत संपताच भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत झपाट्याने खाली आली. १९७०च्या कायद्याखाली जे पहिल्या दिवसापासून शक्य होते, त्यासाठी आता मुदत संपेपर्यंत थांबावे लागते.

सरकारी दवाखान्यांतली वाट याच्या उलटी आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या फळीत होते. त्याची पद्धत ठरलेली, स्वस्त आणि सुट्या गोळ्यांची: आधी अमलोडिपिन, दाब आवरला नाही तर टेल्मिसार्टन, मग क्लोर्थालिडोन. महिन्याभराच्या गोळ्या एकदम द्यायच्या आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करायचा. या उपक्रमाला २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. म्हणजे खासगी मेडिकलमध्ये जोडगोळी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तीच औषधे वेगवेगळी, असे दोन रस्ते एकाच वेळी चालू आहेत. सुट्या गोळ्यांचा एक फायदा नाकारता येत नाही, तो म्हणजे एकाची मात्रा बदलून दुसऱ्याची तशीच ठेवता येते. तो फायदा बहुधा डॉक्टरला होतो. रुग्णाला रोज एकच गोळी घेणे सोपे जाते, आणि आयुष्यभर चालणाऱ्या औषधात शेवटी रुग्णाची सोयच जास्त मोलाची ठरते. राज्यभरातल्या भावी डॉक्टरांच्या आणि वैद्यांच्या परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून नाशिकलाच आहे. कोणता संयोग का योग्य आणि कोणता का नाही, हा त्यांच्या औषधशास्त्राच्या अभ्यासाचा भाग आहे.

रुग्णाच्या बाजूने या सगळ्या इतिहासातून एक व्यावहारिक गोष्ट उरते. ब्रँडचे नाव तेच राहते आणि मागची अक्षरे बदलतात. एच म्हणजे लघवीची गोळी जोडलेली, एएम म्हणजे अमलोडिपिन जोडलेले, दोन्ही असली तर तीन औषधे. एक अक्षर कमी-जास्त झाले की औषधच वेगळे होते. म्हणून दुकान किंवा कंपनी बदलताना नावावर न जाता स्ट्रिपच्या मागे छापलेले घटक आणि त्यांचे मिलिग्रॅम जुन्या स्ट्रिपशी ताडून घ्यावेत, गर्भवतींनी किंवा गर्भधारणेचा विचार असणाऱ्यांनी टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि दाब उतरला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये.